जुनी पोर्ट उघडताना : बुचाचा वास की घराचा?

बोटीवर असलेला भाऊ किंवा मामेभाऊ कधीतरी लिस्बनहून, नाहीतर वाटेतल्या एखाद्या विमानतळावरून, पोर्टची बाटली आणतो. ती हॉलमधल्या शोकेसमध्ये टीव्हीच्या बाजूला दहा-बारा वर्षं उभी राहते. मग एखाद्या गटारीला, बाहेर आषाढ कोसळत असताना चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतं, "काढा रे ती." बाटली उघडते, वास येतो, आणि पुढे दोनच गोष्टी होतात. यजमान म्हणतो, "जुनी आहे ना, अशीच लागते," आणि सगळे तोंड वाकडं करून संपवतात. नाहीतर कोणी जाणकार "बूच लागलंय" (म्हणजे खराब बुचाचा कुबट वास वाईनमध्ये उतरलाय) असा निकाल देतो आणि बाटली मोरीत जाते.

मी दुसऱ्या प्रकारातला. वेंगुर्ल्यात एका जुलैमध्ये मी वीस वर्षांची टॉनी (पिंपात मुरलेली पोर्ट) अशीच ओतून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच ग्लासात पाणी प्यायलो, तर पाण्यालाही तोच वास. दोष ग्लास ठेवलेल्या कपाटाचा होता. खालचा क्रम त्या मोरीत गेलेल्या बाटलीतून आला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका, कारण गोंधळ नेमका तिथेच होतो.

(महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि गोव्यातली बाटली परवान्याशिवाय बांद्याच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे. एवढं सांगून पुढे जातो.)

१. आधी बाटली ओळखा

पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाईन. आंबवण अर्ध्यावर असताना तिच्यात द्राक्षांचंच कडक मद्य घालून आंबणं थांबवतात. साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून जी गोड लाल बाटली मिळते ती ही नव्हे. ती ताजी असतानाच प्यायची असते. शोकेसमध्ये ठेवून तिचं काही भलं होत नाही. पण तिला फेकू नका, पुढे सातव्या पायरीत ती फार उपयोगी पडणार आहे.

लेबलवर बघायचं ते हे : वाईन लाकडात म्हातारी झाली की बाटलीत?

जुन्या टॉनीवर १०, २०, ३०, ४० वर्षं असं वय लिहिलेलं असतं. ती पिंपात मुरलेली असते आणि बाटलीत भरते ती पिण्यासाठी तयार होऊनच. साका नसतो. बूच आखूड, वर प्लास्टिकची किंवा लाकडाची टोपी, हातानेच निघतं. कोल्हेइता म्हणजे एकाच सालाची टॉनी, निदान सात वर्षं पिंपात राहिलेली.

व्हिंटेज पोर्ट याच्या उलट. दोन-तीन वर्षं लाकडात, मग न गाळता बाटलीत, आणि तिथे पुढची कित्येक वर्षं. तिचं बूच लांब आणि पूर्ण आत ठोकलेलं असतं, आणि बाटलीत जाड साका बसतो. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' चार ते सहा वर्षं लाकडात राहते. तिच्यात गाळलेली आणि न गाळलेली असे दोन्ही प्रकार मिळतात. बूच टोपीचं असेल तर बहुधा गाळलेली, लांब ठोकलेलं असेल तर साका आहे असं धरून चाला.

मदेरा (मदिरा नव्हे, ते बेटाचं नाव) ही पोर्ट नव्हे, पण तशीच कडक केलेली वाईन; ती मुद्दाम उष्णतेत मुरवलेली असते. त्यामुळे कोकणातल्या शोकेसलाही ती पुरून उरते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की टॉनी दहा वर्षं सांभाळून 'आणखी जुनी' होत नाही, फक्त हळूहळू फिकी पडते. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल असेल तर ते बघा. त्यापुढे जितकी वर्षं गेली तितकी वाया.

*तपासा :* बुचावरून मानेपर्यंत नंबर असलेली कागदी पट्टी (पोर्टची अधिकृत मोहर) शाबूत आहे का? वाईनची पातळी मानेत आहे की खांद्यापर्यंत उतरली आहे? मानेवर चिकट ओघळ आहे का? बूच वर सरकलंय का? शेवटच्या तीनपैकी एकाचंही उत्तर वाईट आलं तर बाटलीने बहुधा उन्हाळा सोसला आहे. हॉलमध्ये मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

*घाबरू नका :* वेष्टनाखाली, बुचाच्या वरच्या तोंडावर काळा बुरा दिसला तर तो बाहेरच्या ओलीचा आहे. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्याला येतो तसाच. त्यावरून आतल्या वाईनबद्दल काहीही कळत नाही.

२. दिवस निवडा, खोली निवडा

आषाढ-श्रावणात ही बाटली उघडू नका. चादरींना, पुस्तकांना, चपलांना, भिंतींना, सगळ्यालाच कुबट वास असतो आणि नाकाला तो सवयीने कळेनासा झालेला असतो. ज्या वासाचा संशय घ्यायचा त्याच वासात बसून न्याय कसा करणार? मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. हवा कोरडी, रात्री थोड्या गार, आणि सुटीला आलेली माणसंही भेटतात.

खोलीत त्या संध्याकाळी धूप-उदबत्ती नको, डासांची कॉईल नको, मोगऱ्याचा गजरा नको, डोक्याला ताजं खोबरेल नको. बांगडे तळायचे असतील तर चाखणं झाल्यावर तळा. आधी तळून मग खिडक्या उघडल्या तरी पडद्यांत तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्कामाला असतो.

३. ग्लास : निम्म्या बाटल्या इथेच बदनाम होतात

ही पायरी लोक वगळतात म्हणून मी सगळ्यात लांबवणार आहे.

चांगले ग्लास आपल्याकडे कुठे असतात? पुठ्ठ्याच्या खोक्यात, माळ्यावर. किंवा लाकडी कपाटात पालथे घातलेले, शेजारी डांबराच्या गोळ्या. पालथ्या ग्लासात कपाटाची हवा कोंडून राहते. पुठ्ठा ओल धरतो आणि काचेवर त्याचा वास बसतो. वर ते पुसायचं फडकं, पावसात तीन दिवस दोरीवर लोंबूनही अर्धवट ओलं राहिलेलं. एवढं सगळं झाल्यावर 'ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, बूच खराब' असं आपण म्हणतो.

आदल्या दिवशी असं करा :

ग्लास गरम पाण्याने आणि अगदी थेंबभर बिनवासाच्या साबणाने धुवा. मग साध्या पाण्याने चार-पाच वेळा खळबळून घ्या. फडक्याने पुसू नका. स्टीलच्या जाळीवर, हवेशीर जागी निथळू द्या आणि कोरडे झाल्यावर सरळ उभे ठेवा. कपाटात परत नको.

पाणी कुठलं वापरता ते महत्त्वाचं. विहिरीत ग्रामपंचायतीने नुकतंच टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तर शेवटची खळबळ उकळून गार केलेल्या पाण्याने करा.

टीसीएलचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगतो, कारण बुचाच्या दोषाचं मूळही क्लोरीनशीच जोडलेलं आहे. बूच म्हणजे झाडाची साल. लाकडात, सालीत फिनॉल नावाची द्रव्यं असतात. त्यांना क्लोरीन भेटला की क्लोरोफिनॉल होतात, आणि बुरशी त्यांचं रूपांतर ट्रायक्लोरोॲनिसोलमध्ये करते. त्याचं आद्याक्षरी नाव टीसीए. टीसीएल आणि टीसीए, एका अक्षराचा फरक, आणि दोघांची भेट होऊ न देणं हे आपलं काम. म्हणून बाटल्या ठेवायच्या लाकडी फळ्यांना बुरा आला तर ब्लीचिंग पावडरने धुऊ नका. बुरशी, लाकूड आणि क्लोरीन, तिन्ही गोष्टी तुम्ही स्वतःच एकत्र आणाल. फळी उन्हात टाका, कोरड्या ब्रशने घासा, लागलं तर व्हिनेगरच्या पाण्याने पुसा.

टीसीए किती कमी पुरतं? वाईनमध्ये लिटरला दोन ते पाच नॅनोग्रॅम असले तरी बऱ्याच लोकांना कळतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तब्येतीला या प्रमाणात त्याचा काही अपाय नाही. ते फक्त वाईन मारतं.

*तपासा :* प्रत्येक ग्लासात दोन चमचे स्वच्छ पाणी घाला, तळव्याने तोंड झाका, घुसळा, हात काढून वास घ्या. कोरड्या ग्लासात लपलेला वास पाण्याने वर येतो. कुबट, डांबरी, साबणाचा, कसलाही वास आला तर तो ग्लास परत धुवा. हे केल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

आकार म्हणाल तर पोटाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता, साधारण २०० मिलीचा. त्यात ५० मिलीच ओतायची. सरबताचा उभा पेला किंवा स्टीलचा पेला चालत नाही. वास धरून ठेवायला वर जागा लागते.

४. उभी करा, थंड करा

साका असलेली बाटली (व्हिंटेज, न गाळलेली) दोन दिवस आधी उभी करा. आडवी होती तेव्हा साका अंगाला बसलेला असतो. तो तळाशी यायला वेळ लागतो. मालवणहून कुडाळला गाडीतून नेलेली बाटली त्याच रात्री उघडणं म्हणजे चहाची पूड ढवळून चहा पिण्यासारखं आहे. टॉनीला आणि मदेराला हा त्रास नाही.

आता तापमान. 'रूम टेंपरेचरला द्यावी' हे वाक्य थंड देशातल्या खोलीसाठी आहे. आपली खोली डिसेंबरातही दुपारी तीसच्या आसपास असते. त्या तापमानाला २० टक्के मद्यार्क नाकात भसकन शिरतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. व्हिंटेज १६ ते १८ अंशांना, टॉनी १२ ते १४ अंशांना हवी. फ्रिजमध्ये उभी ठेवून व्हिंटेजला साधारण दीड तास, टॉनीला दोन-अडीच. फ्रिजच्या दारात ठेवू नका, प्रत्येक उघडझापीला साका हलतो. घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा मिनिटांत बरंच काम होतं, पण ते टॉनीसाठी.

*सावधान :* एकदम गार, चार-पाच अंशांची वाईन वास सोडत नाही. तशा वाईनमध्ये बुचाचा हलका दोष हमखास निसटतो.

५. बूच काढणं

टोपीचं बूच असेल तर पिळून ओढा, झालं.

लांब जुनं बूच वेगळं. वीस-तीस वर्षांत ते भुसभुशीत होतं आणि साधा स्क्रू मध्यातून आरपार जाऊन भुगा करतो. त्यासाठी दोन पातळ पात्यांचा काढणारा मिळतो. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये, आधी लांब पातं मग आखूड, डोलवत डोलवत खाली सरकवायची, आणि पिळत वर ओढायचं. ओढायची घाई नको, दोन-तीन मिनिटं लागू देत. ते नसेल तर लांब आणि गोल वळणाचा स्क्रू घ्या, शेवटपर्यंत फिरवा, आणि सरळ वर घ्या. तिरका जोर दिला की बूच तुटतं.

बूच काढण्यापूर्वी वेष्टन पूर्ण काढा आणि मानेचं तोंड ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसून घ्या. वरचा काळा बुरा इथे पुसला जातो.

बूच तुटून आत पडलं तर वाईन बिघडत नाही, ती गाळून घ्यायची आहेच.

*सामान्य चूक :* बूच नाकाला लावून निकाल देणं. हॉटेलात वेटर बूच टेबलावर ठेवतो, आणि आपणही सिनेमात बघितल्यासारखं हुंगतो. चांगल्या वाईनचं बूचही बुचासारखंच वास मारतं, आणि लागलेल्या वाईनचं बूच कधीकधी अगदी निर्दोष वाटतं. बुचाकडून एवढंच बघा : ते कडेने वरपर्यंत वाईनने भिजलंय का? भिजलं असेल तर बाटली झिरपली आहे, पाचपैकी चार वेळा उष्णतेने. ही 'पाचपैकी चार' माझी नजर आहे, मोजणी नाही.

६. पहिला घोट वेगळा, मग गाळणं

इथे क्रम सगळ्यात जास्त चुकतो. लोक आधी अख्खी बाटली चंबूत गाळतात, सगळ्यांच्या ग्लासात वाढतात आणि मग वास घेतात. वाईन लागलेली असेल तर आता चंबू, गाळणं, सहा ग्लास, सगळ्यांना तोच वास.

साका नसलेल्या बाटलीचं सोपं : एका तपासलेल्या ग्लासात ३० मिली घ्या, बाटलीवर परत टोपी लावा, सातव्या पायरीवर जा.

साका असलेली बाटली एकदा तिरकी केली की परत उभी करायची नाही, साका ढवळतो. म्हणून मदतीला एक माणूस घ्या. बाटली हळूहळू तिरकी करा, पहिले ३० मिली ग्लासात पडू द्या, मदतनीस ग्लास बाजूला घेऊन लगेच चंबू पुढे करतो, धार तुटू द्यायची नाही. मानेखाली मोबाईलचा टॉर्च ठेवा. मेणबत्तीपेक्षा बरा, काच तापत नाही आणि मेणाचा वास नाही. एका संथ धारेत ओतत राहा. मानेशी काळसर धूर आल्यासारखा साका दिसला की थांबा. तळाशी अर्धी वाटी राहील. ती राहू द्या. ती मलमलीतून गाळून स्वयंपाकात वापरता येते.

गाळण्यासाठी मलमल वापरत असाल तर ती साबणाने नाही, नुसत्या उकळत्या पाण्याने धुतलेली हवी. चहाची स्टीलची गाळणी बुचाच्या तुकड्यांना पुरते, फक्त तिला मसाल्याच्या चहाचा वास नसावा. आमच्याकडे यासाठी वेगळी गाळणी ठेवली आहे आणि ती कोणी चहाला वापरली की घरात शब्द होतात.

७. घड्याळ लावून वास घ्या

आता तो ३० मिलीचा ग्लास. शेजारी एक साक्षीदार ग्लास ठेवा, तशाच धुतलेल्या ग्लासात फिरकीच्या झाकणाची एखादी साधी वाईन. गोव्यात असाल तर ती गोड लाल 'पोर्ट', सिंधुदुर्ग-रत्नागिरीत असाल तर नाशिककडची स्क्रू-कॅपची कुठलीही लाल. तिला बूचच नाही, त्यामुळे बुचाचा दोष असण्याचं कारण नाही. दोन्ही ग्लासांना कुबट वास आला तर दोष ग्लासाचा, खोलीचा किंवा तुमच्या हातरुमालाचा. फक्त जुन्या वाईनला आला तरच पुढे विचार करायचा. हा साक्षीदार त्या दिवशी असता तर माझी टॉनी वाचली असती.

पहिला हुंगा सगळ्यात खरा असतो. टीसीएला नाक फार लवकर सरावतं, तिसऱ्या-चौथ्या हुंग्याला वास गेल्यासारखा वाटतो. गेलेला नसतो, नाक थकलेलं असतं. दुसरं म्हणजे टीसीए नाकाची बाकीचे वास ओळखण्याची ताकदही दाबतं. म्हणून फार कमी प्रमाणात असेल तेव्हा कुबट काहीच जाणवत नाही, वाईन फक्त मुकी वाटते. फळ नाही, गहिरेपणा नाही, शेवट आखूड.

चारजण असाल तर प्रत्येकाने बोलण्याआधी एकदाच वास घ्यावा आणि शब्द चिठ्ठीवर लिहावा. एकाने 'कुबट' म्हटलं की बाकी तिघांना तो वास येऊ लागतोच. शिवाय प्रत्येकाचं नाक वेगळं. एखाद्याला टीसीए लिटरला दोन नॅनोग्रॅमला कळतं, शेजाऱ्याला दहालाही नाही.

नेमका कसला वास शोधायचा? गणपतीला चाकरमानी येतो, मे महिन्यापासून बंद असलेल्या घराचं कुलूप काढतो, दार ढकलतो. तो पहिला वास. ओलं गोणपाट, भिजून सुकलेली रद्दी, पुठ्ठा. सराव करायचा असेल तर झाकणाच्या बरणीत पुठ्ठ्याचा तुकडा चमचाभर पाण्यात तीन दिवस ठेवा आणि वेगळ्या खोलीत हुंगून लक्षात ठेवा.

आता घड्याळ :

*उघडताच.* कोंदट वास आला तर नुसती नोंद करा. वीस-तीस वर्षं कोंडलेल्या बाटलीची पहिली हवा कोंदट असतेच. ग्लास घुसळून बाजूला ठेवा आणि अंगणात जाऊन या. नाकाला विश्रांती हवी.

*१० मिनिटांनी.* काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास होता तो विरायला लागतो. हा गंधकाचा वास, बुचाचा दोष नव्हे, हवेने बहुधा जातो.

*३० मिनिटांनी.* हीच कसोटी. कोंदटपणा गेला आणि खाली सुकं अंजीर, काळा खजूर, काकवी, कोको असं काही उघडू लागलं, तर ती फक्त कोंडलेली बाटली होती. कोंदटपणा तसाच राहिला किंवा वाढला आणि फळ मागे गेलं, तर बूच लागलंय. हवा लागून टीसीए जात नाही. लोक नेमकं उलटं समजतात आणि 'थोडं श्वास घेऊ द्या' म्हणत दोन तास वाट बघतात.

शंका उरली तर पाण्याची युक्ती. गोडवा आणि कडक मद्यार्क हलका दोष झाकतात. दुसऱ्या तपासलेल्या ग्लासात १५ मिली वाईन आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घ्या, घुसळा, हुंगा. मद्यार्क दहा टक्क्यांवर येतो आणि पुठ्ठा लपला असेल तर पुढे येतो. हे पिण्यासाठी नाही, फक्त तपासणीसाठी.

८. बुचावर खापर फोडण्याआधी

शिजल्यासारखी, जळक्या मुरंब्यासारखी चव, वर सरकलेलं बूच, चिकट मान : उष्णता. नखाच्या रंगाच्या रिमूव्हरसारखा किंवा व्हिनेगरचा झणका : आम्ल वाढलंय. व्हिंटेजमध्ये तो दोष, पण मदेरात त्याची थोडी धार ठरलेलीच असते, तिथे तक्रार करू नका.

अक्रोड, जुनं लाकूड, खवटाच्या अलीकडे थांबलेला तेलकट सुकामेवा, हे जुन्या टॉनीत आणि मदेरात अपेक्षित आहे. सगळ्यात जास्त चांगल्या बाटल्या याच वासामुळे नाकारल्या जातात, कारण आपल्याकडे 'खवट' म्हटलं की खोबरं फेकायचं असतं. फरक असा की या वासाच्या मागून गोडवा आणि फळ येतं. पुठ्ठ्याच्या मागून काहीच येत नाही.

९. चाखणं

बाटली पास झाली की बाकीच्यांना वाढा, ५० मिली. एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर कोरडी (कमी गोड) आधी आणि गोड शेवटी : कोरडी मदेरा, मग टॉनी, मग व्हिंटेज. उलटं केलंत तर कोरडी वाईन आंबट पाण्यासारखी लागेल.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघा. जुनी टॉनी विटकरी-तांबूस, कडेला पिवळसर झाक. व्हिंटेज वयाने लाल-काळीपासून विटकरीकडे जाते. मग एक छोटा घोट, तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा किंवा थुंका. आता गिळल्यावर मोजा, चव किती वेळ राहते. चांगल्या जुन्या टॉनीची चव अर्ध्या मिनिटाहूनही जास्त रेंगाळते. मदेरात आंबटपणा शोधा. कोकमाच्या सोलासारखा गाल आत ओढणारा आंबटपणा हीच तिची पाठ ताठ ठेवणारी गोष्ट.

सोबत? टॉनीला वेंगुर्ल्याचे भाजलेले, बिनमिठाचे काजू. यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. मालवणी खाजं आलं-गुळामुळे थोडं वरचढ होतं, तरी बरं जातं. तिखट काहीही नको, मद्यार्कावर तिखट म्हणजे नुसती आग.

आणि ५० मिली म्हणजे थोडं वाटतं, पण ही साध्या वाईनच्या दीडपट कडक आहे. त्यानंतर कोणी गाडी काढून घाटाला लागायचं नाही.

१०. बूच लागलेलं निघालं तर

ओतून टाकू नका. बूच परत लावा (तुटलं असेल तर दुसरं लावा, जुन्याचे तुकडे पिशवीत ठेवा), बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा, वेष्टन, मोहरेची पट्टी आणि लेबलचे फोटो काढा. दुकानातून घेतलेली असेल तर बिल घेऊन दोन-तीन दिवसांत जा. दोन तृतीयांश वाईन शिल्लक असेल तर तुमचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता वाढते. रिकामी बाटली नेऊन 'खराब होती' म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? विमानतळावरची आणि भावाने दहा वर्षांपूर्वी आणलेली बाटली परत होणार नाही, ते मनातून काढा.

स्वयंपाकात घालू नका. नाताळच्या केकमध्ये किंवा पुडिंगमध्ये गेली की सगळ्या केकला बंद घराचा वास. साका असलेला तळ वापरा म्हणालो ते चांगल्या बाटलीचं.

एक प्रयोग कुतूहल म्हणून करून बघायला हरकत नाही. पॉलिथिन टीसीए शोषून घेतं. खाण्याच्या वस्तूंसाठीची स्वच्छ, बिनछपाईची, त्रिकोणात ४ आकडा असलेली पिशवी काचेच्या जगमध्ये अंथरा, पावकप वाईन ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हलकेच हलवत राहा. पुठ्ठा बराच कमी होतो. पण पिशवी चांगले वासही घेऊन जाते, आणि उरते ती गोड, कडक, बिनचेहऱ्याची वाईन. पाहुण्यांना वाढण्यासारखी नाही. भांडी गुंडाळायची ताणणारी फिल्म बऱ्याचदा पीव्हीसीची असते, तिने फारसं होत नाही.

लागलेली वाईन ज्या ग्लास-चंबूत गेली ती भांडी त्याच रात्री गरम पाण्याने धुवा. मलमल आणि बूच घरातल्या लाकडी कपाटात ठेवू नका; मलमल लगेच फेका, बूच दुकानाचं काम संपलं की फेका.

११. उरलेली

व्हिंटेज उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. न गाळलेली लेट बॉटल्ड आठवडाभर. टॉनी फ्रिजमध्ये महिना-दीड महिना टिकते. मदेरा महिनोन्महिने, तिला घाई नाही. टोपीच्या बुचाच्या आणि मदेराच्या बाटल्या उभ्याच ठेवायच्या, कारण एवढा मद्यार्क आखूड बुचाला सतत लागून राहिला तर ते खातो. लांब बुचाची न उघडलेली व्हिंटेज तेवढी आडवी, आणि शोकेसमध्ये नाही, घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या, गार कोपऱ्यात. आमच्याकडे तो कोपरा देवघराच्या मागच्या भिंतीशी आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.